कोंबड्याखालची फुली

“फुली मोठी काढायची की छोटी?” व्हर्लन टिडमोरनं विचारलं आणि पेन्सिलीचं टोक अंगठ्यावर टोचून पाहिलं.

“कशीही काढा,” मी म्हणाले, “वर्तुळाच्या बाहेर जाऊ देऊ नका, म्हणजे झालं.”

अठ्ठेचाळीस सालच्या नोव्हेंबरचा पहिला मंगळवार. शाळेच्या हॉलमध्ये आमचं मतदान केंद्र होतं. मी कोर्टातली कारकून, मतदारयादी माझ्याच हाताखालून जायची, म्हणून दर निवडणुकीला टेबलामागे मला, इमोजीन क्लॉप्टनलाच, बसवायचं असा रिवाज पडला होता. माझ्यासोबत चार पुरुष होते. त्यातला क्लॉइस बेनफील्ड, पेंडीच्या दुकानाचा मालक, सकाळपासून उकडलेल्या शेंगा खाऊन टरफलं माझ्या पायाशी टाकत होता.

व्हर्लन अलाबामातल्या आमच्या काउंटीचा विजेचे मीटर वाचणारा. एकशे चाळीस मैलांच्या डोंगराळ रस्त्यावर असं एकही घर नव्हतं, ज्याच्या मागच्या भिंतीशी तो महिन्यातून एकदा उभा राहिला नसेल. आणि असं एकही घर नव्हतं जिथं त्याला कुणी आत बोलावलं असेल. मीटर बाहेरच असतो, त्यामुळे माणूसही बाहेरचाच राहतो. मतदानाला तो काळा सूट घालून आला होता. तो सूट मी त्या वर्षात आधी दोनदा पाहिला होता. मार्चमध्ये त्याची बायको ल्युटी गेली तेव्हा, आणि ऑगस्टमध्ये त्यांचा एकुलता एक डेल्मर घरी आला तेव्हा. डेल्मर बेल्जियमहून आला, झेंड्यात गुंडाळलेल्या पेटीतून, मेल्यानंतर साडेतीन वर्षांनी.

लढाईत गेलेल्यांच्या घरी सरकारनं तेव्हा फॉर्म पाठवले होते. मुलगा तिकडच्या मातीत राहू द्यायचा की घरी आणायचा, एवढंच त्यात विचारलं होतं. ल्युटीनं तो फॉर्म चर्चच्या पायरीवर बसून माझ्या पेनानं भरला, म्हणून मला माहीत. कायदा कुणी केला, पैसे कुणी मंजूर केले, हे तिला सांगून उपयोग नव्हता. तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं की राष्ट्राध्यक्ष ट्रुमननं स्वतः हुकूम दिला, ‘टिडमोरबाईचं पोर तिला परत द्या.’ आजारात शेवटी तिला बोलताना धाप लागायची, तरी कुणी भेटायला गेलं की ती नवऱ्याकडं बोट दाखवून म्हणायची, “ह्याला मी सांगून ठेवलंय. माझ्या पोराला घरी आणणाऱ्याला मत घालायचं. नोव्हेंबरात. विसरायचं नाही.” मत द्यायचं तर तेव्हा आधी मतकर भरावा लागायचा; घरात तो एकाचाच भरायचा, नवऱ्याचा, ही आमच्याकडची रीत. तिचं स्वतःचं मत कधी नव्हतंच. ते एक मत काय ते दोघांचं.

व्हर्लन पडद्याआड गेला आणि बराच वेळ आतच राहिला. पन्नाशीपुढच्या सगळ्यांना मी विचारायचे तसं त्यालाही विचारलं, “नावं वाचून दाखवू का?”

“डोळे चांगले आहेत माझे,” आतून आवाज आला. “दिवसाला सत्तर मीटर वाचतो मी, मिस इमोजीन.”

तो खोटं बोलत नव्हता. मीटरचे काटे तो लांबून बघून सांगायचा. आकडे त्याला येत होते, अक्षर मात्र एकही येत नव्हतं, आणि हे त्या दिवशी ल्युटीशिवाय कुणालाच माहीत नव्हतं, आणि ल्युटी बाप्टिस्टांच्या स्मशानात होती. वहीतली घरं वाटेच्या क्रमानं असल्यामुळे नावं वाचायची वेळ त्याच्यावर कधी आली नाही. कुठं मीटर फुटला, कुठं कुत्रं अंगावर आलं, असा शेरा असला तर तो संध्याकाळी ल्युटी लिहायची. मार्चनंतर त्याच्या वहीतला शेऱ्याचा रकाना कोरा राहायला लागला. ऑफिसातल्या लोकांना वाटलं, माणूस दुःखात आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तशी ती पंचवीस वर्षं झाकलेली राहिली.

अशा माणसासाठीच मतपत्रिकेवर चित्रं असायची. आमच्या पक्षाचा कोंबडा, समोरच्यांचा हत्ती. कोंबड्याखाली एक वर्तुळ होतं, त्यात फुली मारली की वरपासून खालपर्यंत सगळी मतं पक्षाला. माझ्या आजोबांनी तीच फुली मारली, बापानं तीच मारली. आमच्याकडे पोरं चालायला आधी शिकतात की कोंबडा ओळखायला, हे सांगता येत नाही. पण ट्रुमन आमच्याच पक्षाचा असूनही त्या वर्षी राज्यातल्या पुढाऱ्यांनी त्याच्याशी उभा दावा मांडला होता. तो काळ्या लोकांच्या हक्कांबद्दल बोलायला लागला, म्हणून. त्यांनी कोंबडा आपल्याकडे ठेवला आणि ट्रुमनला दाराबाहेर काढलं. अख्ख्या अलाबामात मतपत्रिकेवर तो कुठेच नव्हता. कोंबड्याखालची फुली जाणार होती, काळे-गोरे वेगळेच राहावेत म्हणणाऱ्या साउथ कॅरोलायनाच्या थर्मंडला. पेपरात हे महिनाभर छापून येत होतं, रेडिओवर सांगत होते. व्हर्लन पेपर घेत नव्हता, आणि रेडिओ ल्युटीचा म्हणून त्यानं तिच्या पाठीमागं कधी लावला नव्हता.

तो पडद्यामागून बाहेर आला. कागदाची घडी त्यानं फार नीट घातली होती. पेटीच्या फटीवर कागद धरून तो थांबला आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, “हे ट्रुमनला. माझ्या ल्युटीकडून.”

मतदानाच्या खोलीत कुणाचं नाव घ्यायचं नसतं. पण माझं तोंड नियमानं बंद केलं नाही. कागद अजून त्याच्या हातात होता. ‘थांबा, तुमचा कागद खराब झाला, दुसरा घ्या’ एवढं म्हणायचा मला पूर्ण अधिकार होता. पण चार पुरुष माझ्या तोंडाकडं बघत होते. क्लॉइसनं शेंग फोडता फोडता डोळा मिचकावला. मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. सकाळी मी स्वतःही कोंबड्यालाच मत दिलं होतं, सगळं वाचून, सगळं समजून. का दिलं ते मला कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही.

क्लॉइस म्हणाला, “टाक, टाक, व्हर्लन. ट्रुमन वाट बघत असेल.”

व्हर्लननं कागद सोडला. त्याचा चेहरा इतका समाधानी झाला की मी नजर यादीत घातली आणि त्याच्या नावापुढची खूण दुसऱ्यांदा गिरवली.

बुधवारी सकाळी देश चकित झाला. सगळे शहाणे ज्याला हरलेला म्हणत होते तो ट्रुमन निवडून आला होता. कोर्टासमोरच्या कॅफेत मी कॉफी प्यायला गेले तर व्हर्लन दाराशीच उभा. कॅफेत येणारा माणूस नव्हे तो. त्यानं काउंटरवर हात ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “आज इथल्या सगळ्यांची कॉफी माझ्यातर्फे. आमचा माणूस आला.”

‘आमचा’ म्हणाला तो. त्या माणसाच्या तोंडून मी तो शब्द त्याआधी ऐकला नव्हता. आठ महिने ज्याला घरी कुणी ‘आलास का’ म्हणालं नव्हतं, त्याला वाटत होतं की आज तो देशभरातल्या काही कोटी लोकांच्या घरातला आहे.

क्लॉइस पेपर उघडून बसला होता. त्यानं आकडे वाचायला सुरुवात केली, आमच्या राज्याचे. थर्मंड, एक लाख सत्तर हजारांच्या वर. हत्तीवाला ड्युई, चाळीस हजार. त्याखाली दोघं फुटकळ. मग तो थांबला, चष्म्यावरून बघितलं. “ट्रुमन... ट्रुमन... सापडत नाही बुवा. व्हर्लन, तूच बघ तुझा माणूस कुठं बसलाय.” आणि पेपर त्याच्यापुढं धरला.

व्हर्लननं पेपर घेतला. तो त्यानं बरोबर धरला होता, उलटा नव्हे. एवढं त्याला येत होतं. बराच वेळ बघितला.

“चष्मा घरी राहिला माझा,” तो म्हणाला.

“चष्मा कधीपासून लागला तुला? नावच नव्हतं रे त्याचं कागदावर! अख्ख्या अलाबामात त्याला एक मत नाही. शून्य. कोंबडा थर्मंडचा होता. तू थर्मंडला मत दिलंस, बाबा, आमच्या सगळ्यांसारखंच.”

“मी ट्रुमनला दिलं.”

“तू काल पेटीवर कागद धरून देवाला सांगितल्यासारखं सांगितलंस. मी काय म्हणणार?” क्लॉइस हसला. मग बाकीचेही हसले. वाईट माणसं नव्हती ती. ल्युटी गेली तेव्हा त्यांच्याच बायकांनी आठवडाभर त्याच्या घरी मक्याचा पाव आणि शिजवलेली भाजी पोचवली होती. पण हसणं एकदा सुरू झालं की ते कुणाचं नसतं.

व्हर्लननं पेपरची घडी घातली, काल मतपत्रिकेची घातली होती तितकीच नीट. सगळ्यांच्या कॉफीचे पैसे ठेवले, स्वतःची न पिता. जाताना त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी काल तिथं होते हे त्याला तेव्हाच आठवलं असावं.  एखादं वाक्य बोलला असता तर मला बरं वाटलं असतं.

पुढचं मला सतरा वर्षांनी कळलं. पासष्ट साली काळ्यांना मत नाकारता येणार नाही असा कायदा आला आणि ओझेला रॅगलंड माझ्या खिडकीशी चौथ्यांदा आली. डोंगराखालच्या वस्तीतली काळ्या मुलांची शाळा तिची. आधी तीनदा तिनं मतदार म्हणून नाव घालायचा अर्ज केला होता आणि तीनदा नोंदणी मंडळानं तिला परत पाठवलं होतं. चौथ्या वेळी नाव घालायला आठ मिनिटं लागली. मी खुर्ची पुढं केली, ती बसली नाही. उभ्यानंच तिनं मला व्हर्लनची गोष्ट सांगितली.

अठ्ठेचाळीसच्या त्या गुरुवारी, कॅफेतल्या प्रकाराच्या दुसऱ्या दिवशी, शाळा सुटल्यावर ती ओसरीवर वह्या तपासत होती. व्हर्लन मागं जाऊन मीटर वाचून आला, पण गेला नाही. टोपी हातात घेऊन पायरीशी उभा राहिला.

“ओझेला, कागद आहे का तुझ्याकडं?”

“मास्तरीण आहे मी, मिस्टर व्हर्लन. दुसरं काही नसेल, पण कागद आहे.”

मग त्यानं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ल्युटीचा शब्द, कोंबडा, कॅफे. आणि शेवटी, जमिनीकडे बघत, जे त्यानं जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं ते. कोर्टातल्या जज्जसाहेबांना पत्र लिहायचं होतं त्याला. मत चुकून दुसरीकडं गेलं, ते दुरुस्त करा, असं.

तिनं विचारलं, “तुमच्या पाद्रीबाबांकडून का नाही लिहून घेतलंत?”

“ते सगळ्यांना सांगतील.”

“आणि मी सांगितलं तर?”

“तुझं कोण ऐकणार?”

“वाईट हेतूनं नाही म्हणाला तो,” ती मला म्हणाली. “दूध नासलंय म्हणावं तसं म्हणाला. म्हणून जास्त लागलं.”

ती उठून घरात गेली. दारामागे उभी राहिली. म्हणाली, ‘मला वाटलं, आत बसून राहावं, अंधार पडेपर्यंत. जाईल आपला.’ ह्या माणसाला एक अक्षर येत नाही आणि तो पंचवीस वर्षं मत देतोय. आणि ही, जिनं राज्यघटनेचं कलम त्या मंडळासमोर तोंडपाठ लिहून दाखवलं होतं, तिचं नाव यादीत नाही. तिनं मला सांगितलं की तिला त्याची दया आली नाही. राग आला. तो राग हातात धरूनच ती कागद आणि दौत घेऊन बाहेर आली.

“लिहीन,” ती त्याला म्हणाली. “पण आधी एक सांगा. कोंबडा बघितलात ना तुम्ही? त्याच्या डोक्यावर काय लिहिलंय, ठाऊक आहे?”

“पक्षाचं नाव असेल.”

“‘राज्य गोऱ्यांचंच.’ त्या कागदावरची सगळ्यात ठळक अक्षरं. पक्षाचं नाव खाली आहे.”

त्यानं हातातली टोपी फिरवली. मग म्हणाला, “पहिल्यापासून?”

“तुम्ही मत द्यायला लागायच्या आधीपासून.”

“मी फक्त कोंबडा बघायचो.”

“हो. आम्हाला कोंबडा नंतर दिसतो.”

ती म्हणाली, त्यावर तो काही सुंदर बोलला असता तर तिनं दौतीचं झाकण लावलं असतं. तो पायरीवर बसला, एवढंच. गोरा माणूस तिच्या पायरीवर बसलेला तिनं त्याआधी पाहिला नव्हता. मग तिनं त्याला नीट समजावलं, वर्गात समजवायची तसं. मतं मोजून झाली, ती परत येत नाहीत. आणि वाचता येत नाही असं स्वतःच्या सहीनं लिहून दिलंत तर यादीतून नाव काढतील. एका गेलेल्या मतापायी पुढची सगळी घालवाल.

“ल्युटी गेली,” तो म्हणाला. “पोरगं गेलं. मला आता कुणी काही सांगायला नाही, काही मागायला नाही. तिनं एक गोष्ट मागितली होती. ती मी उलटी केली, आणि फक्त लाजेखातर. ती बाई पडद्याबाहेरून विचारत होती, वाचून दाखवू का. हो म्हणालो असतो तर निदान उलटं मत पडलं नसतं. तुम्ही लिहा, मिसेस रॅगलंड.”

“त्या काउंटीत मला मिसेस म्हणणारा तो पहिला गोरा,” ती मला म्हणाली. “आणि मला वाटतं, आपण तसं म्हणालो हे त्याला कळलंही नाही.” मी त्या वेळी मान खाली घातली. अठ्ठेचाळीस साली मीही तिला नुसतं ओझेला म्हणत होते, आणि ती माझ्याहून दहा वर्षांनी मोठी होती.

सोमवारी सकाळी व्हर्लन कोर्टात आला. कामाचे कपडे, पट्ट्याला लटकवलेली मीटरची वही. त्यानं पत्र माझ्यापुढं ठेवलं. मी उघडलं आणि आधी अक्षरच ओळखलं. ते अक्षर माझ्या कपाटात तीनदा होतं, तीन अर्जांवर. नाकारण्याचं कारण लिहायचा रकाना तिन्हींवर कोरा होता.

पत्र असं होतं. “मी व्हर्लन टिडमोर, मीटर वाचणारा. दोन नोव्हेंबरला मी माझं मत ट्रुमन यांना देण्यासाठी गेलो. मला वाचता येत नाही. मी कोंबड्याखाली फुली केली आणि ते मत दुसऱ्याला गेलं. पेपरात लिहिलं आहे की अलाबामात ट्रुमन यांना शून्य मतं आहेत. ते बरोबर नाही. एक आहे. तशी नोंद करावी. हे मत माझ्या बायकोचंही होतं.” खाली सही. सही त्याची स्वतःची होती, काढलेली, अक्षराला अक्षर न टेकवता.

मी म्हणाले, “मिस्टर टिडमोर, त्या दिवशी मी...”

“जज्जसाहेब आहेत का?” त्यानं विचारलं. त्याला माझी माफी नको होती. खरंच नको होती. राग म्हणून नव्हे, त्याचं काम ते नव्हतं म्हणून.

जज्जसाहेब बाहेर आले, त्यांनी पत्र वाचलं. भला माणूस, सगळ्यांच्या लग्नांना जाणारा. त्यांनी व्हर्लनच्या खांद्यावर हात ठेवला. समजावून सांगितलं की मतं राजधानीत, माँटगोमेरीला पोचली, आता देवालाही बदलता येणार नाहीत. मग आवाज खाली आणून म्हणाले, “आणि ते वाचता येण्याचं. अरे, अर्ध्या काउंटीला येत नाही. कोण विचारतंय? आत्ता फाडतो हे. मी पाहिलं नाही, इमोजीननं पाहिलं नाही. घरी जा.”

“फाडू नका,” व्हर्लन म्हणाला. “ठेवून घ्या.”

“ठेवलं तर सरकारी कागद होतो तो. मग मला मंडळाला सांगावं लागेल, नियमाप्रमाणे वागावं लागेल. तुझं नाव जाईल. तुला कळतंय का?”

“कळतंय. ज्यांनी लिहिलं त्यांनी सांगितलंय.”

जज्जसाहेबांनी पुन्हा कागदाकडे पाहिलं. “कुणी लिहिलं?”

“अक्षर चांगलं आहे ना, साहेब?”

“आहे.”

“त्यांचं नाव नाही यादीत. तीनदा येऊन गेल्या.”

“तो वेगळा विषय आहे, व्हर्लन.”

“असेल,” तो म्हणाला. “मला वाचता येत नाही, साहेब. मला ते दोन्ही एकच दिसतं.”

जज्जसाहेबांचा हात त्याच्या खांद्यावरून निघाला. कपाळ लाल झालं. ते खिडकीकडे वळले आणि मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले नाहीत. पत्रावर शिक्का मारला, माझ्यासमोर टाकलं आणि “मंडळाच्या लोकांचं मी बघतो, तू नाव काढ” असं म्हणून आत गेले. दार त्यांनी आपटलं नाही, पण लावलं.

मी यादीचं मोठं पुस्तक काढलं. लाल शाईची दौत उघडली, पट्टी शोधली. माझ्या आयुष्यात मी कितीतरी नावांवर रेघ मारली आहे; माणूस मेला की मारायची, गाव सोडून गेला की मारायची. समोर उभ्या असलेल्या माणसाच्या नावावर कधी मारली नव्हती. माझा हात थांबला.

“मी बघू शकतो का?” त्यानं विचारलं.

मी पुस्तक त्याच्याकडं फिरवलं. त्यानं बोट पानावर ठेवलं आणि एकेका ओळीवरून खाली आणलं, घाई न करता. माझी मदत त्यानं मागितली नाही. बोट एका ओळीवर थांबलं. व्हर्लन टिडमोर. बरोबर होतं ते. तेवीस साली त्याच्या बापाच्या कुणा मावसभावानं ‘सही येते ना, मग कर’ म्हणून घातलेलं नाव. शाई फिकी झाली होती.

“हे मी,” तो म्हणाला.

“हो.”

त्यानं बोट काढून घेतलं, म्हणजे मला जागा मिळाली. मी पट्टी ठेवली आणि रेघ मारली. तो शाई वाळेपर्यंत बघत होता. मग टोपी घातली, मला “येतो, मिस इमोजीन” म्हणाला आणि गेला.

पत्र कुठं ठेवायचं हे मला कुणी सांगितलं नाही. मी ते त्या निवडणुकीच्या निकालाच्या कागदांत ठेवलं. तिथं ट्रुमनसाठी रकाना नव्हता, तेव्हा कुठल्याही पानात चाललं असतं.

खिडकीतून पाहिलं तर तो इमारतीच्या मागच्या भिंतीशी उभा होता. त्या सोमवारी आमच्या मीटरची तारीख होती. त्यानं काचेवरची धूळ बाहीनं पुसली, काटे वाचले आणि वहीत आकडे उतरवले. शेऱ्याच्या रकान्याशी पेन्सिल जरा थांबली. मग त्यानं वही मिटली आणि पुढच्या घराकडे चालू लागला.